निंबोळीला भाव मिळेल, पण आधी माप हवे



कडुनिंबाबद्दल बोलणारी माणसे गावोगाव दोन प्रकारची भेटतात. पहिला प्रकार हात जोडणाऱ्यांचा. त्यांच्या मते या झाडात सगळ्या रोगांवर औषध आहे, पूर्वजांना सगळे ठाऊक होते, आता शोधायचे काही उरलेले नाही. दुसरा प्रकार नाक मुरडणाऱ्यांचा. झाडपाल्याने कुठे अळी मरते काय, असे म्हणून ते महागाच्या बाटलीकडे बोट दाखवतात. आमचे म्हणणे असे की, हे दोघेही शेतकऱ्याच्या तोट्याचे बोलतात. पहिल्याने झाडाचा देव केला. देवाचा भाव कोणी विचारत नाही. दुसऱ्याने झाडाचा कचरा केला. कचऱ्यालाही भाव नसतो. धुऱ्यावरची निंबोळी जूनच्या पहिल्या पावसात चिखलात कुजून जाते, ती या दोघांमुळे.

कडुनिंब हा कोरडवाहू शेतकऱ्याचा माल आहे. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, बँकेचे कर्ज लागत नाही. कापूस आणि ज्वारीच्या मुलखात तो आपसूक उगवतो. मग मालाला जे लावायचे तेच यालाही लावले पाहिजे : त्यात नेमके काय आहे, किती आहे, ते कशाने टिकते, कशाने जाते आणि त्याचे पैसे कोण खातो?

कडूपणात काय आहे?

कडुनिंबाचा कडूपणा म्हणजे एक पदार्थ नव्हे. पान, साल, तेल आणि बी यांतून शास्त्रज्ञांनी शेकड्यांनी रसायने वेगळी काढली आहेत. त्यांतली महत्त्वाची बरीचशी 'लिमोनॉइड' नावाच्या एका कुळातली. या कामाची सुरुवात आपल्याच देशात झाली. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन असे तीन कडू पदार्थ वेगळे केले. फाळणीनंतर काही वर्षांनी ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञानाचे मोठे नाव झाले.

शेतकऱ्याच्या कामाचा सर्वात मोठा पदार्थ मात्र नंतर सापडला. सुदानमध्ये १९५९ साली टोळधाड आली असता हाइनरिश श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की, आजूबाजूचे सगळे हिरवे टोळांनी फस्त केले, पण कडुनिंब तसाच उभा आहे. इकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास निंबोळीची भुकटी पाण्यात कालवून पिकावर मारली आणि टोळ त्या पिकाला तोंड लावत नाहीत हे दाखवून दिले. पुढे १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन या दोघांनी निंबोळीतून हे काम करणारा पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव अझाडिरॅक्टिन. औषधाच्या बाटलीवर हेच नाव बारीक अक्षरात छापलेले असते.

या पदार्थाच्या एका रेणूत कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू असतात आणि ते इतके गुंतागुंतीने बसलेले आहेत की, त्यांची नक्की मांडणी ठरवायला १९८५ साल उजाडले. प्रयोगशाळेत तो बनवायला तर केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षे लागली. २००७ साली तो बनला, पण सत्तरच्या वर पायऱ्या चढून आणि हाती नावापुरता माल लागून. याचा अर्थ शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा. नीळ कारखान्यात बनू लागली आणि निळीची शेती संपली. अझाडिरॅक्टिनचे तसे झालेले नाही. जगातल्या कोणत्याही कंपनीला तो विकायचा असेल तर तिला निंबोळीच लागते आणि निंबोळी आपल्या धुऱ्यावर आहे. सौदा करताना ही ताकद थोडी नव्हे.

माल नाजूक आहे

अझाडिरॅक्टिन सर्वात जास्त असतो तो निंबोळीच्या मगजात. साधारण किलोभर मगजात २ ते ६ ग्रॅम. झाडागणिक, मुलखागणिक आणि वर्षागणिक हा आकडा बदलतो. पानात तो फारच थोडा असतो. म्हणून पाला उकळून फवारणारा आणि निंबोळी वाटून फवारणारा हे दोघे एकच औषध मारत नाहीत.

आणि हा पदार्थ नाजूक आहे. उन्हाने तो मोडतो, दमट जागी बुरशी लागली की जातो, जुन्या बियांत कमी होत जातो. बुरशी लागलेल्या निंबोळीत तर अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होण्याचा धोका असतो. पिकलेली निंबोळी वेचून, गर धुऊन काढून, सावलीत पातळ पसरून खडखडीत वाळवली आणि हवा खेळेल अशा पोत्यात ठेवली तर तिच्यात दम राहतो. चिखलातून झाडून आणलेली, प्लॅस्टिकच्या गोणीत कोंबलेली, दोन वर्षे पडून राहिलेली निंबोळी वजनाला तेवढीच भरते, पण कामाला येत नाही. 'आम्ही निंबोळी अर्क मारून पाहिला, काही झाले नाही' असे सांगणाऱ्याला आधी विचारावे : निंबोळी कधीची होती आणि कशी वाळवली होती?

अर्काने काय होते, काय होत नाही

अझाडिरॅक्टिन हे झटक्याने मारणारे विष नाही. तो किडीची भूक मारतो. अळी कात टाकते तेव्हा तिच्या अंगात जे रस काम करतात, त्यांचा मेळ तो बिघडवतो. मग अळी नीट कात टाकू शकत नाही आणि वाढ अडून मरते. काही किडी फवारलेल्या पानावर अंडी घालायचे टाळतात. म्हणून फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजायला जाणारा निराश होऊन परत येतो. पाहायचे असते ते चार-पाच दिवसांनी : पाने खाणे थांबले का, नवीन अळ्या वाढल्या का?

यातूनच त्याच्या मर्यादा कळतात. कपाशीवरचा मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्या यांच्यावर सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क मारला तर त्याचा उपयोग होतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींतही तो आहे. पण गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे कामगंध सापळे लावून पतंग मोजणे, सलग ३ रात्री सापळ्यात ८ पतंग आले की सावध होणे आणि हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून काढणे हाच मार्ग. २०१८ साली देशात आलेली अमेरिकन लष्करी अळी मक्यावरून ज्वारीवरही उतरते. तीही पोंग्यात खोल जाऊन मोठी झाली की अर्काला दाद देत नाही. अंडी आणि लहान अळी असतानाच त्याचा उपयोग. जो कडुनिंबाला सर्व किडींवरचा उपाय म्हणतो तो शेतकऱ्याला फसवतो. जो त्याला निरुपयोगी म्हणतो तोही फसवतो.

करायची रीत सोपी आहे. वाळलेल्या निंबोळीची ५ किलो भरड पूड फडक्यात बांधून साधारण १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडके पिळून पिळून पांढरट पाणी उतरवायचे, गाळायचे, त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून एकूण १०० लिटर करायचे. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूलाही लागेल असे फवारायचे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही.

आता हिशेब मांडा. एकरी २०० लिटर पाणी धरले तर एका फवारणीला १० किलो निंबोळी. तीन फवारण्यांना ३० किलो. चांगले वाढलेले झाड वर्षाला ३० ते ५० किलो फळ देते आणि त्यातून निम्म्याच्या आसपास वाळलेले बी मिळते. म्हणजे एकरी दोन झाडे पुरतात. खर्च आहे तो वेचणीच्या आणि धुण्याच्या मजुरीचा. निंबोळी पडते नेमकी पेरणीच्या घाईत, तेव्हा हातांचा तुटवडा असतो. ही मजुरी बाईमाणसाची आणि म्हाताऱ्यांची म्हणून फुकट धरायची सवय आपल्याला आहे, ती मोडली पाहिजे. तुमच्या गावच्या रोजाने ती मांडा आणि मग बाटलीच्या किमतीशी ताडून पाहा. कुठे अर्क स्वस्त पडेल, कुठे बाटली. जे उत्तर निघेल त्याला घाबरायचे कारण नाही.

पण त्या हिशेबात आणखी एक रकाना ठेवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, उलटे वारे, उघडे अंग आणि दोन-तीन औषधांची मिसळ. त्या माणसांची किंमत कोणत्याही बाटलीवर छापलेली नव्हती. हंगामातल्या पहिल्या एक-दोन फवारण्या अर्काने भागल्या तर तितक्या वेळा विष हाताळावे लागत नाही. अर्क फवारतानाही तोंड-नाक बांधावे, डोळे जपावे. कडू आहे म्हणून निर्धोक, असा नियम नाही.

औषध म्हणून : मात्रा सोडून गुण नाही

हाच नियम माणसाच्या औषधाला लागू आहे आणि इथे चूक झाली तर पीक जात नाही, लेकरू जाते.

कडुनिंबाचे काही गुण तपासून पाहिलेले आहेत. खरजेवर कडुनिंबाचा पाला आणि हळद यांचा लेप लावण्याची एक प्राथमिक चाचणी तामिळनाडूत झाली, तिचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. ८१४ रुग्णांपैकी ९७ टक्के ३ ते १५ दिवसांत बरे झाले असे त्यात नोंदले आहे. निंबिडिनने सूज उतरते असे जनावरांवरच्या प्रयोगांत दिसले. गेडुनिन नावाचा दुसरा पदार्थ काचेच्या नळीत हिवतापाच्या जंतूंना मारतो. पण काचेच्या नळीतून माणसाच्या अंगापर्यंत फार मोठी वाट आहे आणि ती वाट चालून झालेली नाही. तेव्हा हिवतापाला दवाखान्यातली गोळीच घ्यायची. पाल्याचा रस साखर कमी करतो असे प्रयोगांत दिसते म्हणून मधुमेहाची गोळी बंद करून रस पिणारा स्वतःच्या जिवाशी खेळतो आणि गोळीबरोबर रसही पिणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊ शकते.

सर्वात महत्त्वाची गोष्ट मायबहिणींसाठी. तान्ह्या लेकराला सर्दी-खोकल्यावर किंवा जंतांवर निंबोळीचे तेल पाजण्याची रीत काही घरांत आहे. १९८१ साली मलेशियातल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात असे तेल पाजलेल्या बाळांची हकीगत छापली. तेल पोटात गेल्यावर काही तासांतच उलट्या, गुंगी, जोराने श्वास, झटके. यकृत आणि मेंदू दोन्हींना इजा. तेव्हा तान्ह्या मुलाच्या तोंडात निंबोळीचे तेल, चमचाभर काय, थेंबभरही घालू नये. चुकून गेले तर घरी उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा आणि काय पाजले ते डॉक्टरला न लाजता सांगावे. गरोदर बाईनेही तेल किंवा काढा पोटात घेऊ नये. जनावरांवरच्या प्रयोगांत त्याने गर्भ टिकत नाही असे दिसले आहे. पाडव्याला गुळासोबत चार पाने खाणे वेगळे आणि वाटीभर रस पिणे वेगळे. फरक मात्रेचा आहे.

पेटंटच्या लढाईने काय शिकवले?

नव्वदच्या दशकात 'अमेरिकेने आपला कडुनिंब चोरला' अशा घोषणा खूप झाल्या. घोषणा बाजूला ठेवून घडले काय ते पाहू. झाडाचे पेटंट कोणी घेतले नव्हते. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने एक पेटंट दिले, ते निंबोळीच्या तेलाने पिकांवरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या पद्धतीचे. १९९५ साली वंदना शिवा यांची संस्था, युरोपीय संसदेतल्या मॅग्दा आल्व्होत आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा जागतिक महासंघ यांनी त्याला हरकत घेतली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये कंपनीकडचे अपीलही फेटाळले गेले.

आता यातला आपल्या कामाचा भाग. पेटंट कार्यालयापुढे प्राचीन ज्ञानाची पुष्कळ वर्णने झाली. पण २००० च्या निकालात वजन पडले ते एका साध्या पुराव्याचे. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात आपल्याच महाराष्ट्रात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांत, निंबोळीच्या तेलाच्या अर्काच्या फवारणीचे प्रयोग शेतकऱ्यांसमोर शेतात झाले होते. ते करणाऱ्या भारतीय उद्योजकाने ते कसे, कधी, कुठे आणि कोणासमोर केले हे शपथेवर सांगितले. म्हणजे कंपनीने आपला म्हणून दावा केलेली गोष्ट तिच्या अर्जाच्या आधीच उघड्या शेतात होऊन गेली होती.

हजारो वर्षांचा वारसा सांगणे सोपे आहे. पण तारीख, जागा, प्रमाण आणि साक्षीदार असलेली एक नोंद त्या सगळ्यापेक्षा जड ठरली. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्वारीच्या कणगीत पाला घालून दाणे राखले, हे खरेच आहे. पण किती दाण्याला किती पाला, कोणत्या महिन्यात, किती दिवस टिकले, हे कोणी लिहून ठेवले नाही. न लिहिलेल्या ज्ञानाची मालकी सांगता येत नाही आणि त्याचा भावही मागता येत नाही.

आज ते पेटंट नाही. त्याच कंपनीला १९९२ साली अमेरिकेत अझाडिरॅक्टिनचा टिकाऊ अर्क करण्याबद्दल मिळालेल्या पेटंटची मुदतही संपून गेली. आता वाट कोणी अडवलेली नाही. तरी निंबोळीवाला जिथे होता तिथेच आहे. का?

वजनाने विकतो, पीपीएमने विकत घेतो

कारण आपण निंबोळी पोत्याने विकतो आणि बाटली पीपीएमने विकत घेतो. बाजारातल्या कडुनिंबाच्या औषधावर ३००, १५००, १०००० पीपीएम असे आकडे असतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिनचे भाग किती. जितका आकडा मोठा तितकी बाटली महाग. कंपनीला ठाऊक आहे की मोल त्या आकड्यात आहे. पण तिच्या दलालाकडून निंबोळी घेताना हा आकडा कोणी काढत नाही. चिखलातली आणि सावलीत वाळवलेली एकाच काट्यावर, एकाच भावाने. मग धुऊन, वाळवून, निवडून आणण्याचे कष्ट कोण कशाला घेईल?

दुधाला फॅट लागते. उसाला उतारा लागतो. कापसाला धाग्याची लांबी लागते. तिथे मापात खोट असते, त्यावर आपण भांडतो, पण निदान भांडायला माप तरी असते. निंबोळीला मापच नाही. आमची मागणी साधी आहे : निंबोळीचा भाव तिच्यातल्या अझाडिरॅक्टिनवर आणि तेलावर ठरावा. ते मोजण्याची यंत्रे कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना नवीन नाहीत. दान नको, अनुदान नको. नमुना द्यावा, वाजवी फी भरून आकडा मिळावा आणि तो आकडा दाखवून विकता यावे.

मागणी नाही असेही कोणी म्हणू नये. निंबोळीच्या तेलातली कडू द्रव्ये जमिनीतल्या, अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात, त्यामुळे युरियातला नत्र सावकाश सुटतो. दिल्लीच्या संशोधन संस्थेत १९७० च्या दशकातच यावर काम झाले होते आणि २०१५ साली सरकारने देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे केले. तुम्ही आणता त्या प्रत्येक पोत्यात निंबोळीचे तेल आहे. ते तेल कोणाच्या तरी धुऱ्यावरून गेलेले आहे. त्याला काय भाव मिळाला, एवढाच प्रश्न आहे.

या हंगामात करायचे ते

प्रत्येक गावात चार-पाच घरांनी मिळून तीन कामे करावीत. पहिले, चांगली लागणारी झाडे हेरून त्यांना नंबर द्यावेत आणि त्यांची निंबोळी वेगळी वाळवावी. दुसरे, एका नमुन्याची तपासणी जवळच्या कृषी विद्यापीठाकडून करून घ्यावी. होत नसेल तर नकार लेखी मागावा. तिसरे, अर्धा एकर अर्काने आणि अर्धा एकर नेहमीच्या रीतीने फवारून वही ठेवावी : तारीख, निंबोळी किती, पाणी किती, मजुरी किती, किडी किती दिसल्या, कापूस किती निघाला. प्रत्येक पानावर शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. अर्क हरला तर तेही लिहावे. हरलेली नोंदही नोंदच असते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना या वह्या घेऊन या. कडुनिंबाचे गुणगान ऐकायला आम्हाला वेळ नाही. आकडे घेऊन या, त्यावर भाव मागू.